अ‍ॅडमिनचा मान

यंदाची आंब्यांची पेटी गावाहून आली, तेव्हा मी गॅलरीत मिरच्यांची देठं खुडत बसले होते. ह्यांनी पेटी फोडली, पेंढा बाजूला केला, एकेक आंबा हातात घेऊन हुंगला आणि त्यातले चांगले मोठे निवडून वेताच्या परडीत काढून ठेवले. ते कोणासाठी हे विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे पेटीतले पहिले आंबे शेजारच्या खोलीतल्या नानांना जातात, सासऱ्यांच्या काळापासून. पूर्वी हे स्वतः परडी घेऊन जात आणि तासभर तिकडेच रमत. आता परडी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "तूच नेऊन दे." गेल्या मे महिन्यापासून हे असंच आहे.

लालबागचा मे महिना डोळे मिटूनही ओळखता येतो. खाटेखाली पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांची आढी, म्हणजे घरात गोड, उबदार वास. खाली रस्त्यावर मिरच्यांचे ढीग, भाजलेले धणे, दगडफूल आणि दिवसभर मसाला कुटणारे डंके. वर्षाचा मसाला करायला अख्खी मुंबई आमच्याकडे येते आणि शिंकत परत जाते. आम्हाला शिंका येत नाहीत. आमची नाकं लहानपणीच सरावली. गल्लीच्या तोंडाशी खांबावर कॅमेरा बसवला, तेव्हा खालच्या मिरचीवाल्याने त्याच्या खाली हौसेने लिंबू-मिरची बांधली होती. आम्ही सगळे हसलो होतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीवर लाल धूळ बसते, पण त्या कॅमेऱ्याची काच नेहमी स्वच्छ दिसते. ती पुसायला कोण येतं ते मी कधी पाहिलेलं नाही.

नाना म्हणजे आमच्या चाळीचे भजनीबुवा. मालवणकडचे, आयुष्य गिरणीत गेलं, गिरणी गेली तेव्हा नोकरी गेली पण आवाज राहिला. बायको मागेच गेली. एक मुलगी सुनंदा, ती भायखळ्याला दिलेली. दर गुरुवारी संध्याकाळी नानांच्या खोलीत भजन बसायचं. नाना हार्मोनियमवर, विलास टाळांवर, आमचे हे पखवाजावर आणि बाकीची मंडळी कोरसला. ह्यांचं नाव दत्ताराम, पण नाना दत्ता म्हणतात. पखवाजाच्या एका तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा त्याचा आवाज खाली उतरतो आणि छातीत घुमतो. ती कणीक आमच्या घरची. गुरुवारी पोळ्यांची कणीक मळताना एक गोळा जास्त मळायचा आणि वाटीखाली झाकून ठेवायचा, हे माझं काम. मला सुरातलं फारसं कळत नाही, पण भिंतीपलीकडून पखवाज घुमला की त्यात आपलं पीठ आहे एवढं मला कळायचं. मला त्याचा अभिमान होता.

मंडळींनी मोबाईलवर भजनाचा ग्रुप काढला तो प्रसंग मला लख्ख आठवतो. ग्रुप तयार केला विलासने. तो रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला, ह्या सगळ्यात हुशार. पण ग्रुप झाल्यावर प्रश्न आला की अ‍ॅडमिन कोण? आमच्या लोकांना प्रत्येक गोष्टीचा मानकरी लागतो. गावच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिला नारळ कोणाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या अबोले धरणारी माणसं आम्ही. अ‍ॅडमिन हा शब्द कानावर पडताच सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. बुवा असताना दुसरा कोण? विलासने स्वतःचं अ‍ॅडमिनपण काढून टाकलं, म्हणजे मानात वाटेकरी नको. नानांचा मोबाईल पाटावर ठेवला, त्याला गुलाल लावला, पुढे नारळ आणि पानसुपारी. मग नानांनी स्वतःच गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो जो काय ग्रूप आज हयसर केलेलो आसा, तेका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"तेच्यावर कोणाची वायट नजर पडली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी चहा घेऊन दारात उभी होते आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नानांना मोबाईलवर फोन घेता यायचा, लावता यायचा आणि बोट दाबून धरून आवाज पाठवता यायचा. मोबाईल सगळा इंग्रजीत. मराठी पेपर पहिल्या ओळीपासून जाहिरातींपर्यंत वाचणाऱ्या नानांना त्यातलं अक्षर लागायचं नाही. मानकऱ्याला वाचता आलंच पाहिजे असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पालखीच्या मानकऱ्याला तरी कुठे काय वाचावं लागतं?

मग तो गेल्या वर्षीचा मे. सीमेवर तणाव वाढला होता, टीव्हीवर दिवसरात्र नकाशे आणि बाण. एका संध्याकाळी सराव म्हणून भोंगा वाजला आणि सगळ्यांनी दिवे घालवले. गिरणीचा भोंगा ऐकून वाढलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटा आला, म्हणजे भीतीने नव्हे, ओळखीने. गल्ली काळोखी झाली. डंके थांबले. त्या काळोखात मिरचीचा वास जास्तच तिखट वाटत होता. गॅलरीच्या टोकाला कोणीतरी घोषणा दिली आणि आम्ही सगळ्यांनी ती उचलून धरली. मीही दिली. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला होता. आपण सगळे एक आहोत, असं त्या काळोखात अगदी मनापासून वाटलं होतं.

विलासलाही तसंच वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी रे रोडच्या पुलावरून त्याला गोदीकडे जाणारे ताडपत्री घातलेले मोठे ट्रक दिसले, रांगेने, मागेपुढे गाड्या. त्याने मोबाईल काढला. त्या छोट्याशा फिल्ममध्ये त्याचा आवाज आहे, आनंदाने फुललेला. "बघा रे, आपली तयारी! आता दाखवतो त्यांना!" ती त्याने भजनाच्या ग्रुपवर टाकली. खाली हात जोडल्याची चित्रं, झेंडे. आमच्या ह्यांनीही झेंडा टाकला. कोणीतरी ती फिल्म आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवली, तिथून ती आणखी कुठे गेली, आणि दुपारपर्यंत ती कुठे कुठे फिरत होती ते देवालाच ठाऊक. असं काही चित्रित करू नका, पाठवू नका, असं टीव्हीवर सांगत होते. पण ते कोण्या दुसऱ्याला सांगताहेत असं प्रत्येकाला वाटतं. आम्ही तर देशाच्या बाजूचे होतो.

त्याच दिवशी चार वाजता बातमी आली की लालबागच्या कुठल्याशा ग्रुपची चौकशी लागलीय. कोणी आणली माहीत नाही. विलासने आधी फिल्म काढून टाकली आणि मग तो ग्रुपमधून लेफ्ट झाला. लेफ्ट हा शब्द आता आमच्याकडे मराठीच झालाय. एक माणूस गेला की मोबाईलवर करड्या रंगात बारीक ओळ येते, अमुक लेफ्ट. त्या संध्याकाळी हे खाटेवर मोबाईल घेऊन बसले होते आणि त्या ओळी एकामागून एक येत होत्या. कोरसचा एक, मग दुसरा. वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून बसणारी माणसं, काहीही न बोलता उठून चालली होती. भजनातून मध्ये उठायचं तर आमच्याकडे बुवांच्या पाया पडून उठतात.

आमचा अमेय आतून आला. त्याला तेव्हा एका सरकारी कंपनीत नोकरी लागत होती, पत्र आलेलं, फक्त पोलिसांकडून वागणुकीची पडताळणी व्हायची होती. "पप्पा, तुम्ही अजून आहात त्यात? लेफ्ट व्हा ना पटकन. माझं व्हेरिफिकेशन चालूय, कळतंय का?"

"अरे, नानांना सांगून तरी..."

"फोन करू नका. काहीच करू नका. नुसते लेफ्ट व्हा."

ह्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला, परत उचलला. मग अंगठा हलला. मी कणकेत पाणी घालत होते, बुधवार होता. मला ह्यांचा राग आला, अमेयचा आला, आणि तरी मी गप्प राहिले कारण त्या नोकरीसाठी मीही नवस बोलले होते. राग कोणाचा करायचा ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

नानांना पत्ता नव्हता. त्यांना त्या ओळी वाचता येत नव्हत्या.

सकाळी दोन माणसं साध्या कपड्यांत आली. जिना चढून वर येईपर्यंत दोघं शिंकून शिंकून लाल झाले होते. नानांनीच त्यांना पाणी दिलं. त्यातला तरुण होता तो बोलायला सभ्य होता, हे सांगितलं पाहिजे.

"आजोबा, हा ग्रुप तुमचा?"

"होय."

"अ‍ॅडमिन कोण आहे?"

"मीच." नाना ताठ झाले. "बुवा मी आसंय. मान माझोच."

त्या माणसाने वर पाहिलं. त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. गॅलरीत आम्ही सगळे दाराआडून ऐकत होतो आणि एकालाही पुढे होऊन सांगता आलं नाही की साहेब, आमच्याकडे हा मान म्हणजे नारळ आणि गुलाल, बाकी काही नाही. त्यांनी मोबाईल घेतला, पिशवीत घातला, आणि नानांना बरोबर चला म्हणाले. नानांनी टोपी घातली. जाताना ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "दत्ता, संध्याकाळी येतंय मी. तू पखवाज लावून ठेव." तो गुरुवार होता.

ते संध्याकाळी आले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले. मारलं नाही, शिवी दिली नाही. बसवून ठेवलं आणि तेच तेच विचारलं. ग्रुपवर काय चालतं? भजन. अजून काय? भजन. ह्या ट्रकांची माहिती कोणाला पाठवायची होती? विलासलाही नेलं, त्याने माफी लिहून दिली आणि तो सुटला. नानांनी माफी लिहून द्यायला नकार दिला. मी कायच केलां नाय, तर माफी कसली, एवढंच म्हणत राहिले. गिरणीच्या संपात कधी वाकले नव्हते, इथे काय वाकणार? मग ठरलं की चौकशी चालू आहे तोवर दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. हजेरीचा वार गुरुवार निघाला. कोणी मुद्दाम केलं नसेल. त्यांच्याकडे तोच वार मोकळा असेल.

सुनंदाने वडिलांना दुसरा मोबाईल आणला, त्याच नंबरचं सिम काढलं. तर कळलं की नानांचं खातंच बंद झालंय. पडद्यावर एकच वाक्य, की तुम्हाला ही सेवा वापरता येणार नाही. सुनंदा ठाण्यात गेली. ते म्हणाले, आम्ही काही बंद केलं नाही, कंपनीला विचारा. तिने कंपनीला लिहिलं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं, म्हणजे कोणी वाचलं नव्हतं हे उघड होतं. कायद्यानुसार आलेल्या विनंत्यांबद्दल आम्ही माहिती देऊ शकत नाही, तुमच्या संयमाबद्दल आभार. तिने परत लिहिलं, परत आभार. ठाण्यात गेली की देशाच्या सुरक्षेचा मामला आहे ताई, आणि कंपनीकडे गेली की आमच्या नियमांचा. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि तरी दोघांचं काम अगदी एकमताने चाललं होतं.

हे सगळं सुनंदा नानांना समजावून सांगत होती तेव्हा मी तिथे होते. नाना लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "ता सगळां ऱ्हांव दे. ह्या कंपनीचां गेट खंय आसा ता सांग माका. जावन उभो रवतंय."

सुनंदा म्हणाली, "नाना, त्याला गेट नसतं."

"गेट नाय?" नानांना ते खरंच वाटेना. "मगे मालक भायेर खंयसून पडता?"

मी टेलिफोन एक्स्चेंजला नोकरी केली. मला कोणी सांगू नये की सरकारने ऐकणं ही आजची गोष्ट आहे. आमच्या वेळीही अमुक नंबरवर लक्ष ठेवा असं वरून यायचं. पण ते घेऊन एक साहेब जिना चढून यायचे, सही लागायची, आणि ऐकायला बसलेल्या माणसाला जांभई यायची, चहा लागायचा, एखाद्या म्हाताऱ्याचं भजन ऐकून कंटाळून तो कानावरचं काढून ठेवायचा. शत्रू असतात, हेही मला कळतं. बॉम्बस्फोटांच्या दिवशी मी बोर्डावर होते आणि ह्या शहरातल्या बायका नवऱ्यांची नावं सांगत कशा रडतात ते मी कानाने ऐकलंय. देशाने डोळे मिटून बसावं असं मी म्हणणार नाही. पण ज्याला सगळं दिसतं त्याला नाना दिसले नाहीत, फक्त अ‍ॅडमिन दिसला. आणि त्याला ते सांगायला जायचं तर पत्ता नाही.

चाळीत काही झालं नाही, असं म्हणता येईल. कोणी तुरुंगात गेलं नाही. फक्त बोलणी हळू झाली. नळावर बायका राजकारणाचं काही बोलायला लागल्या की एखादी हाताने मोबाईलची खूण करते आणि विषय डाळीच्या भावाकडे वळतो. आमच्याकडे तर हे काही घरचं बोलायचं असलं तरी तिघांचे मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवतात. पहिल्यांदा मी हसले. आता मीच उठून डबा उघडते. अमेयला नोकरी लागली, मी नवस फेडला. भजन बंद झालं ते कोणी बंद केलं नाही. गुरुवारी नाना हजेरीला जायचे आणि परत यायचे तोवर मंडळी आपापल्या दारांआड असायची. पखवाज खुंटीवर होता. त्याच्या तोंडावरची जुनी कणीक वाळून पांढरी झाली आणि एक दिवस तिचा टवका पडला.

तर यंदा मी परडी घेऊन गेले. दारातूनच दिसलं, नानांच्या मांडीवर तो जुना मोबाईल होता. सुनंदा बाजूला बसली होती. कोर्टात अर्ज करकरून वर्षाने तो परत मिळाला होता. चौकशी मिटली का? तसं कोणी लिहून दिलं नव्हतं. हजेरीला आता येऊ नका, एवढंच तोंडी सांगितलं होतं. आणि त्याच आठवड्यात कंपनीकडूनही आलं होतं, की आम्ही फेरतपासणी केली, तुमचं खातं नियमात बसतंय, तुम्ही सेवा पुन्हा वापरू शकता, तुमच्या संयमाबद्दल आभार.

"मंगल, दत्ताक बोलाव," नाना म्हणाले. "ग्रूप परत इलो."

मी बोलावलं. हे आले, दारात चपला काढून उभे राहिले. वर्षभरात त्या खोलीत पहिल्यांदा. नानांनी मोबाईल पुढे केला. "हयसर बारीक काय लिवलला आसा ता वाच. सुनंदा वाचूक नाय म्हणता."

ह्यांनी चष्मा लावला. एक नाव वाचलं, लेफ्ट. दुसरं वाचलं, लेफ्ट. नाना प्रत्येक नावाला मान हलवत होते, भजनात समेवर हलवतात तशी. शेवटच्या नावापाशी हे थांबले.

"नि तू?" नानांनी विचारलं.

"मीपण, नाना."

त्याच्याखाली अजून एक काहीतरी होतं. नानांनी पाठवलेला आवाज. ह्यांचं बोट लागलं की आपोआप सुरू झालं ते मला माहीत नाही, पण खोलीत नानांचा वर्षापूर्वीचा आवाज आला, मोठा, खणखणीत, शेजारच्या खोलीला हाक मारावी तसा.

"आयकतास मां रे सगळे? सकाळधरसून कोणाचोच आवाज नाय. बरे आसात मां? उद्या गुरुवार, येळार येवा. लाईट घालवक सांगितल्यानी तर काळोखात म्हणू, भजनाक दिवो कित्याक व्हयो? दत्ता, मंगलान कणीक मळून ठेवल्यान आसतली, ती घेवन ये. येवा रे."

सगळे निघून गेल्यावर पाठवलेला. ऐकायला ग्रुपमध्ये कोणी नव्हतं. मी पदर तोंडाला लावला. नाना मात्र रडले नाहीत. त्यांनी मोबाईल स्वतःच्या हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला.

"जावंदे. झाला ता झाला," ते म्हणाले. "अ‍ॅडमिन मीच आसंय मां अजून? मगे सांग, खंय दाबू? पयलो तुका घेतंय."

 खाली डंका चालू होता. ह्यांची नजर खिडकीकडे गेली, मग त्या मोबाईलकडे, मग माझ्याकडे. मला कळलं काय मनात चाललंय. अमेयची नोकरी अजून कच्ची आहे, तीही तसलीच, रोज दारात ओळखपत्र तपासून आत घेणारी.

"नको, नाना," हे अगदी हळू म्हणाले. "राहू दे."

नानांचं बोट तसंच वर राहिलं होतं. मग त्यांनी ते खाली घेतलं. "होय," म्हणाले, परडीतला एक आंबा उचलला आणि ह्यांच्या हातात दिला.

आज गुरुवार आहे. संध्याकाळी पोळ्यांची कणीक मळायला घेतली आणि पीठ जास्त पडलं. उरलेला गोळा मी वाटीखाली झाकून ठेवला. हे पाणी प्यायला आले, त्यांनी वाटी उचलून पाहिली आणि परत झाकली.